खुटवडांची आजन्म गॅरंटी

खुटवड आमच्या घरी आले की नमस्कार करत नाहीत, बसत नाहीत, पाणी घेत नाहीत. चपला दारात काढतात आणि थेट आमच्या टीव्हीच्या मागे जातात. तिथून काही वेळ नुसता आवाज येतो. "हं... हं... हे कवा घेतलं?... अरारारा." पेशंटची जीभ बघून डॉक्टरांनी मान हलवावी तसं ते 'अरारारा' असतं. मग भिंत आणि टीव्ही यांच्या फटीतून त्यांचं डोकं बाहेर येतं. केसांना जळमट लागलेलं असतं. "पिवळं-तांबडं-पांढरं कुठंय?" ते विचारतात.

पिवळं-तांबडं-पांढरं म्हणजे जुन्या टीव्हीच्या पाठीवरची तीन भोकं. तिथे तीन रंगांच्या वायरी खुपसल्या की चित्र आणि आवाज येत असे. आता ती भोकं मिळत नाहीत. ती मी बुजवल्यासारखे खुटवड माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "साहेब, तुम्ही आयटीत ना?"

मी आयटीत आहे. रोज कर्वेनगरहून खराडीला जातो, म्हणजे दिवसाचा बराचसा भाग गाडीत बसून असतो, आणि उरलेल्यात एका परदेशी कंपनीच्या पगाराच्या स्लिपा ज्या सॉफ्टवेअरमधून निघतात ते सांभाळतो. त्यात व्हिडिओ कुठेही येत नाही. हे मी खुटवडांना अनेकदा सांगितलं आहे. ते शांतपणे ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारतात.

वसंत खुटवड मूळचे इथलेच. आमच्या सोसायटीचं पार्किंग आज जिथे आहे तिथे त्यांच्या आजोबांचा ऊस होता. जमीन चुलत्यांनी बिल्डरला दिली, वसंतरावांच्या वाट्याला कोपऱ्यावरचा एक गाळा आला. त्यात त्यांनी कॅमेरा आणला आणि लग्नांचं शूटिंग सुरू केलं. तेव्हा पुण्यात नुकतीच नवी माणसं, नव्या नोकऱ्या आणि नव्या वस्तू येऊ लागल्या होत्या. ज्याच्या लग्नाची कॅसेट नाही त्याचं लग्न झालंय यावर लोक विश्वास ठेवत नसत. धंदा जोरात होता, गल्लीगल्लीत शूटिंगवाले होते. त्यात आपलं वेगळेपण काय, म्हणून खुटवडांनी कार्डावर एक ओळ छापून घेतली : 'लग्न टिकेल तोवर कॅसेट चालेल.'

गॅरंटी द्यायची आणि विसरायची, हा व्यापारातला साधा नियम. तो खुटवडांना कुणी सांगितलाच नाही.

कॅसेटचा जमाना गेला आणि व्हीसीडी आली, तेव्हा खुटवड घरोघर जाऊन कॅसेटी घेऊन गेले आणि चकत्यांसकट परत देऊन गेले. फुकट. गॅरंटी होती ना. डीव्हीडी आली, तेव्हा पुन्हा आले. पेनड्राइव्ह आला, तेव्हा पुन्हा. ज्यांना आपलं लग्न पुन्हा बघायची तिळमात्र इच्छा नव्हती, अशा असंख्य जोडप्यांना त्यांनी ते बघायला लावलं आहे. तुम्ही सुखाने चहा पीत असता, बेल वाजते, आणि अर्ध्या तासात तुमच्या टीव्हीवर तुम्ही मुंडावळ्या बांधून बावळटासारखे बसलेले असता.

शेजारच्या इमारतीतल्या एका जोडप्याचा घटस्फोट झाला. आम्हाला वाटलं, निदान तिथे तरी खुटवड जाणार नाहीत. ते दोन्हीकडे गेले. नवऱ्याला म्हणाले, "तुमची गॅरंटी संपली." आणि बाईंच्या नव्या घरी जाऊन म्हणाले, "तुमच्या वडलांनी ऑर्डर दिली होती, तवा तुमची चालू हाय. प्लेअर कोणता?" त्या बाईंनी दार लावून घेतलं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

आणि नुसतं 'चाललं' म्हणून भागत नाही. खुटवडांच्या लेखी चालणं म्हणजे काय, हे मला पाठ आहे. "दिसलं पायजे, ऐकू आलं पायजे, दोनी एका टायमाला झालं पायजे, आन् शेवटपर्यंत गेलं पायजे." हे चारही एका वेळी जमणं किती अवघड आहे याची कल्पना ज्यांना नाही ते सुखी. आमच्या डीव्हीडीत चित्र होतं आणि आवाज नव्हता. ती दुरुस्त करून आणली, तर आवाज पुढे आणि चित्र मागे. भटजी 'सावधान' म्हणून मोकळे झाले तरी त्यांचं तोंड अजून मिटलेलंच. पेनड्राइव्हवर सगळं बरोबर आलं, तर टीव्ही रुंद निघाला. लग्नात मी काडीपैलवान होतो, त्या टीव्हीवर मी आणि सासरेबुवा एकाच अंगाचे दिसत होतो. आमच्या सौ.ने, वैशालीने, स्वतःकडे एकदा बघितलं आणि वायर काढून टाकली.

"फाइल एमपीफोर आहे," मी एकदा चिडून म्हणालो, "आणि टीव्हीच्या पुस्तकात लिहिलंय की एमपीफोर चालते. मग का चालत नाही?"

"डबा एमपीफोरचा हाय," खुटवड म्हणाले. "आत भाजी कंची हाय ते डब्यावरून कळतंय व्हय? तुमच्या टीव्हीला भोपळा आवडत न्हाय."

मी खराडीत दिवसभर लोकांकडून ऐकून घेऊन आलेला असतो. घरी येऊन भोपळा ऐकायची माझी तयारी नसते.

आता आमच्या लग्नाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण बाकीच्यांची लग्नं दोन-अडीच तासांत आटोपतात आणि आमचं संपता संपत नाही. लग्न बिबवेवाडीच्या एका कार्यालयात झालं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हे पैशाला जपणारे. त्यांनी खुटवडांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, मिक्सिंग-बिक्सिंग नको, कॅमेऱ्यातली कॅसेट आहे तशी द्या. आणि दोन, "पैसे दिलेत. कॅमेरा बंद दिसता कामा नये."

खुटवडांनी हा हुकूम अक्षरशः पाळला. त्यामुळे आमच्या लग्नात काय काय आहे म्हणता! आमचे नानाकाका सलग जिलब्या खाताहेत. एक बाई शालूच्या पदराने मुलाचं नाक पुसतेय, आणि ती कोण हे आजतागायत दोन्ही घरांत कुणाला माहीत नाही. मग कानपिळीची वेळ आली, तर कान पिळायला नवरीचा भाऊच जागेवर नाही. माझा मेहुणा मित्राच्या नव्या मोटरसायकलवर स्वारगेटपर्यंत चक्कर मारायला गेला होता. कानपिळी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं, आणि दोन्हीकडची मंडळी त्याची वाट बघत बसली. ते वाट बघणंही खुटवडांनी शूट केलं. सगळं. पंखा फिरतोय, माणसं बसली आहेत, मी कान सांभाळून बसलो आहे. मेहुणा उगवला, कान पिळून झाला, पाठवणीची तयारी झाली आणि कॅमेऱ्यातली कॅसेट संपली.

एवढं मला आठवतं. त्या दिवशी काहीतरी धावपळ झाली, अण्णा कुणावर तरी ओरडले, आणि पाठवणीचं शूटिंग झालं. कॅसेटी दोन आल्या. मी पुढे त्याचा विचार केला नाही. स्वतःच्या लग्नात नवरा असाही कुठल्या विचारात नसतो.

खुटवडांची आणखी एक खोड मला विशेष डोक्यात जायची. त्यांना घरी चहा विचारला तर ते म्हणत, "नको, कामावर असताना मी घेत न्हाय." पण व्हिडिओ पळवत पळवत पाठवणीपर्यंत आणला, वैशाली रडत गाडीत बसली, गाडी हलली, की ते मान न वळवता म्हणत, "आता चहा चालंल. दोघंबी जावा, वहिनींना एकटीला कशाला?" प्रत्येक वेळी. आम्ही मुकाट्याने स्वयंपाकघरात जायचो. बाहेर येईपर्यंत टीव्ही बंद, वायरी गुंडाळलेल्या आणि खुटवड समाधानी. "शेवटपर्यंत गेलं," ते म्हणत. दोन घोटांत चहा संपवत आणि जात. चहा करायला दोन माणसं लागतात, हा शोध या गृहस्थांनी कुठून लावला, यावर वैशालीचा आणि माझा बराच वेळ गेला आहे.

त्यांच्या मंदावहिनी एरवी दिसायच्या नाहीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेवढ्या यायच्या. बारीक, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. एकदा बायकांनी त्यांना छेडलं, "तुमचं काय बाई, घरचंच दुकान. रोज लग्न बघत असाल." त्या म्हणाल्या, "जगाची चालत्यात. आमचीच कॅसेट तेवढी चालत न्हाय. फॉरमॅट जुळंना म्हणत्यात." सगळ्या हसल्या. मीही ऐकून हसलो. म्हटलं, बरं झालं. लोकांना भोपळा ऐकवणाऱ्याच्या घरीही भोपळा शिजत नाही.

तर यंदा आम्ही नवा टीव्ही घेतला. भिंतीला चिकटणारा, पाटासारखा सपाट. दुकानाचा टेम्पो अजून वळलाही नव्हता तोवर बेल वाजली. खुटवड आत आले आणि मागे जायला लागले, तर मागे जायला जागाच नव्हती. भिंतीला गाल लावून त्यांनी आत डोकावायचा प्रयत्न केला. "अरारारा," ते म्हणाले.

पेनड्राइव्ह लावला. आवाज आला. सनई, भटजी, अण्णांचं ओरडणं, सगळं स्पष्ट. चित्राच्या जागी काळोख आणि खाली एक ओळ : हा प्रकार चालत नाही.

"बघतो," मी म्हणालो. "तुम्ही राहू द्या. या वेळी मी करतो."

"तुम्हाला जमंल?"

"मी आयटीत आहे ना?" मी म्हणालो. इतकी वर्षं मनात साठलेलं वाक्य होतं ते. म्हणताना फार बरं वाटलं.

आणि मला जमलं. एका रविवारी बसलो, फुकटचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फाइल त्यात घातली आणि नव्या टीव्हीला चालेल अशी करून घेतली. करताना शेवटी बघितलं तर आमची गाडी गेल्यावर पडद्यावर मुंग्या येत होत्या. जुन्या कॅसेटींना येतात तशा. म्हटलं, हा कचरा कशाला हवा? तेवढा भाग कापून टाकला. पेनड्राइव्ह टीव्हीला ओळखू येत नव्हता म्हणून तो आधी सगळा पुसून नव्याने तयार केला आणि त्यावर नवी फाइल टाकली. लॅपटॉपवरची जुनी फाइल उगाच जागा खात होती, तीही काढली. सगळं कसं स्वच्छ! मग मी खुटवडांना स्वतःहून फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा.

ते आले. उभ्यानेच सगळं बघितलं. दिसत होतं, ऐकू येत होतं, दोन्ही एका वेळी होत होतं. माणसं जाड नव्हती, बारीक नव्हती. खुटवडांची मान बरोबर ठेक्यात हलत होती. त्यांनी पळवत पळवत पाठवणी आणली. वैशाली रडली, गाडी हलली.

"आता चहा चालंल," खुटवड म्हणाले.

आम्ही आत गेलो. मी गॅस पेटवतोय तोच बाहेरून हाक आली. "साहेब."

बाहेर आलो तर खुटवड रिमोट हातात धरून उभे होते. पडद्यावर पुन्हा सुरुवातीचा गणपती आला होता.

"शेवट कुठंय?"

"हाच शेवट. गाडी गेली की. पुढे नुसत्या मुंग्या होत्या, कापल्या."

"मुंग्यांच्या फुडं?"

"मुंग्यांच्या पुढे काय असणार? कोरी कॅसेट."

"जुनी फाइल हाय ना तुमच्याकडं?"

"काढली."

खुटवड खाली बसले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच बसत होते, आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसले. मला वाटलं, त्यांना काही होतंय. मी वैशालीला हाक मारली, ती पाणी घेऊन आली. ते त्यांनी घेतलं. मग रिमोटकडे बघत म्हणाले, "कोरी नव्हती हो कॅसेट."

ती गोष्ट अशी. गिऱ्हाईकाला नमुना म्हणून दुसऱ्याचं लग्न दाखवायचं नाही, असा खुटवडांचा दंडक होता. "परक्याची लेक दुकानात लावून ठिवायची न्हाय," ते म्हणाले. त्यामुळे गिऱ्हाईकाच्या लग्नाची प्रतसुद्धा ते कधी दुकानात ठेवत नसत. नमुना म्हणून एकच कॅसेट त्यांच्या बॅगेत असायची. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची. आमच्या आदल्याच वर्षी झालेल्या. ज्यांच्याकडे ते कॅमेरा शिकले त्या उस्तादांनी आहेर म्हणून शूट करून दिलेली.

"तुमच्या पाठवणीला कॅसेट संपली. जवळ दुकान न्हाय. गाडी चालू झालेली, नवरी रडायला लागलेली. तुमचे वडील म्हणले, पाठवणी आली न्हाय तर तुला हितनं जाऊ देणार न्हाय." खुटवडांनी रिमोट खाली ठेवला. "मग काय करणार? माझ्या लग्नावर तुमची पाठवणी घेतली. सुरुवातीपासून घ्यायला लागली, कारण तुमच्या मावश्या गाडीतनं पुन्यांदा पुन्यांदा उतरून गळ्यात पडत होत्या. वाटलं, आत्ता संपंल, आत्ता संपंल. शेवटाला थोडं ऱ्हायलं होतं, तेवढंच माझं ऱ्हायलं."

आणि मिक्सिंग नको म्हटल्यामुळे ती मूळ कॅसेटच आमच्या घरी आली.

वैशालीने विचारलं, "अहो, मग मागायची नाही का? निदान तेवढा तुकडा तुम्ही कापून घ्यायचा. सगळं तुमच्याच दुकानात तर होत होतं."

"दिलेल्या कॅसेटीला कात्री न्हाय लावत मी. तुमच्या नावानं दिली, तिच्यावरलं समदं तुमचं." मग खरं कारण आलं. "आन् कापून घेतलं असतं तर मंदीला दाखवायला लागलं असतं. ती म्हणली असती, बाकीचं कुठंय?"

म्हणून तो फॉरमॅट! लग्नाच्या वाढदिवसाला वहिनी विचारायच्या, आपली कॅसेट कधी लावताय, आणि ज्या माणसाने अर्ध्या कर्वेनगरची लग्नं प्रत्येक नव्या यंत्रात चालवून दाखवली, तो सांगायचा, जमेना, फॉरमॅट जुळेना. आणि मग कधीतरी आमच्याकडे यायचा, आम्हाला दोघांना चहाला पिटाळायचा आणि मुंग्यांच्या पुढचं तेवढं एकटा बघून घ्यायचा. इतकी वर्षं मी या माणसाला टीव्हीमागचा उंदीर म्हणत होतो. मला विलक्षण लाज वाटली.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"मंदीचे वडील," ते म्हणाले. "आबा. फुडल्याच साली गेले. त्यांचा फोटो हाय एक, तोबी मतदानाच्या कार्डावरला. हालताना-बोलताना असे ते तेवढेच होते."

मग आम्ही घर पालथं घातलं. कॅसेटींना बुरशी आली म्हणून वैशालीने त्या कधीच टाकून दिल्या होत्या. डीव्हीडी मेहुण्याने नेली होती. फोन केला, तर जावयाची कानपिळी दाखवायची म्हणून हौसेने नेलेली ती चकती, त्याला घर बदलताना सापडली नव्हती. राहिल्या व्हीसीडीच्या तीन चकत्या. त्या कुठे आहेत हे मला माहीत होतं, पण सांगायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी वैशालीने गॅलरीचं दार उघडलं. खुटवड आमच्या घरी कितीदा आले, पण टीव्हीच्या मागे सोडून त्यांनी कुठे बघितलं नव्हतं. कबुतरं येऊ नयेत म्हणून आमच्या गॅलरीत सुतळीला बांधून आमचं लग्न लटकत होतं.

खुटवडांनी चकती हातात घेतली. ऊन खाऊन ती पांढुरकी झाली होती. "गेली," ते म्हणाले. दुसरी बघितली. "हीबी गेली." त्यांनी सुतळी शेवटपर्यंत चाचपली. "तिसरी?"

"दोनच बांधल्या होत्या," वैशाली म्हणाली आणि एकदम स्वयंपाकघरात पळाली. कपाट उघडल्याचा आवाज आला, बरण्या सरकवल्याचा आला. कपाटाच्या फळीवर तेलाचा डाग पडू नये म्हणून लोणच्याच्या बरणीखाली तिने काहीतरी ठेवलं होतं. ते घेऊन ती आली. तेलकट, हळदीने पिवळी झालेली, पण इतकी वर्षं अंधारात राहिलेली चकती. वर खुटवडांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'भाग तीन, पाठवणी'.

भांड्याच्या साबणाने ती खुटवडांनीच धुतली. मधून बाहेर, मधून बाहेर, असा हात फिरवत. "गोल पुसायची न्हाय," ते पुटपुटले. वैशालीने नवा पांढरा रुमाल काढून दिला.

चालते का, हे बघायला मात्र यंत्र हवं होतं. खुटवडांच्या गाळ्यात जुना व्हीसीडी प्लेअर होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तो पिशवीत घालून घेऊन आले. सोबत एक छोटी डबी होती, जिच्या एका बाजूला पिवळं-तांबडं-पांढरं आणि दुसऱ्या बाजूला नव्या टीव्हीची वायर. ती तपकिरी डबी ते कौतुकाने दाखवत होते तोच बेल वाजली. दारात मंदावहिनी.

"मीच बोलावलंय," वैशाली म्हणाली. मला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. मी बोलावू दिलं नसतं म्हणून.

खुटवडांच्या हातातली वायर खाली पडली. वहिनी आत येऊन कोचाच्या कडेला बसल्या. त्यांनी चांगलं पातळ नेसलं होतं. खुटवड वळले आणि सवयीने टीव्हीच्या मागे जायला लागले, पण मागे जागाच नव्हती.

त्यांनी प्लेअर जमिनीवर ठेवला. रिमोट कधीच हरवलेला होता, म्हणून स्वतः त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि बटण दाबलं. चकती आत खरखरली. चित्र आलं, अडलं, पुन्हा चाललं. आमच्या मावश्या गाडीतून उतरल्या, गळ्यात पडल्या, चढल्या, पुन्हा उतरल्या. आमच्या घरच्या बायकांचा मला इतका राग कधी आला नव्हता. एकदाची गाडी हलली. मुंग्या आल्या. खुटवड प्लेअरवर हात ठेवून बसले होते.

मग मांडव दिसला. खेड्यातला, पताका अर्ध्या सुटलेल्या. पंगती उठून गेल्या होत्या. फेटा मांडीशी काढून ठेवलेला एक म्हातारा पत्रावळीवर एकटा जेवत होता, सगळ्यांच्या शेवटी. हिरव्या शालूतली एक बारीक मुलगी आली, वाकून तिने त्याला बुंदी वाढली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने तिचं डोकं जरा खाली दाबलं, थापटलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. "आरं, झालं की," तो म्हणाला. "बंद कर आता ते. तूबी जेवून घे." आणि चित्र संपलं.

मग वहिनी म्हणाल्या, "एवढंच ऱ्हायलं व्हय?"

"एवढंच," खुटवड म्हणाले. ते वहिनींकडे बघत नव्हते. "बाकीचं मी..."

"ठावं हाय मला. बिबवेवाडीवरनं आला त्या दिवशी तुम्ही जेवला न्हाय. बॅगेत कॅसेट न्हवती. मला वाटलं, समदीच गेली."

खुटवडांनी आता मान वळवली. "मग दरसाली इचारायचीस कशाला?"

"तुम्ही काय सांगताय ते ऐकायला. दरसाली नवं नाव सांगायचा. व्हीसीडी म्हणला, डीव्हीडी म्हणला, मग ते एव्हीआय का काय. म्हणलं, एवढी मेहनत घेतोय बाबा, तर आपण इचारायला काय जातंय." त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि पडद्याकडे हात केला. "परत लावा."

खुटवडांनी बटण दाबलं. चकती पुन्हा खरखरली. मावश्या गाडीतून उतरायला लागल्या.

मी वैशालीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आम्ही दोघं उठलो आणि चहा करायला आत गेलो. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.